समुद्राच्या पाण्यापासून हायपो बनवणारं मशीन: चार पावसाळ्यांनंतरचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच सांगून टाकते. मशीनला ५ पैकी ४ स्टार, आणि ज्यांनी ते बसवून दिलं आणि ज्यांच्याकडे एएमसी (वार्षिक देखभालीचं कंत्राट) आहे त्यांच्या सर्व्हिसला २. सप्लायरचं नाव लिहिणार नाही कारण मला कुणाची बदनामी करायची नाहीये, पण किनाऱ्यावरच्या प्लांटमध्ये केमिस्ट्री किंवा ऑपरेशन बघणारी बरीच मराठी मंडळी आहेत, तारापूरला आहेत, डहाणूला आहेत, जयगडला आहेत, गल्फमध्ये तर डिसॅलिनेशनवाले किती आहेत, त्यांच्यापैकी कुणी इलेक्ट्रोक्लोरिनेशनचं, म्हणजे समुद्राच्याच पाण्यातून वीज सोडून हायपो (क्लोरीनचं जंतुनाशक द्रावण) बनवणाऱ्या मशीनचं, टेंडर काढत असेल तर आमचा अनुभव उपयोगी पडावा म्हणून एवढं टाइप करतेय. मी स्वतः कोकणात खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका कोळशावरच्या वीज प्लांटमध्ये केमिस्ट आहे, बारा वर्षं झाली.

ज्यांना हा विषय नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. टर्बाईनमधून बाहेर पडलेली वाफ थंड करून परत पाणी करायला कंडेन्सर लागतो आणि कंडेन्सरला लागतं भरपूर थंड पाणी. आमच्या एका युनिटला तासाला साधारण ४० हजार घनमीटर समुद्राचं पाणी जातं. एवढं पाणी आत घेतलं की त्याच्यासोबत समुद्रातलं सगळंच आत येतं, शिंपल्यांची डोळ्यालाही न दिसणारी पिल्लं, बार्नॅकल (खडकाला चिकटून वाढणारे छोटे कवचवाले जीव), कालवं, शेवाळ, बॅक्टेरिया. आणि पाइपच्या आत त्यांच्यासाठी स्वर्गच असतो ना, मासे खायला येत नाहीत, लाटा नाहीत, ऊन नाही आणि ताजं अन्न चोवीस तास वाहत तोंडाशी येतंय. मग ती बसतात आणि वाढतात. कंडेन्सरच्या ट्यूबच्या आतल्या बाजूला बॅक्टेरियाचा बुळबुळीत थर धरतो तो वेगळाच, हाताला जेमतेम जाणवतो पण उष्णता अडवायला तेवढाही पुरतो, व्हॅक्यूम पडायला लागतो आणि तेवढाच कोळसा जाळून वीज कमी मिळते. कल्पाक्कमच्या अणुवीज केंद्राची गोष्ट आमच्या फील्डमध्ये सगळ्यांना माहिती असते, तिथे पाणी समुद्राखालून ४६८ मीटर लांबीच्या बोगद्यातून येतं आणि त्या बोगद्याच्या भिंतींवर हिरव्या शिंपल्यांचे थरच्या थर चढले होते. आपल्याकडे गोव्यात ज्यांना शिनाणी म्हणतात आणि रवा लावून तळतात, त्याच त्या.

हे सगळं रोखायला पाण्यात क्लोरीन सोडतात. त्यासाठी आधी आमच्याकडे क्लोरीन गॅस होता. ९०० किलोचे टनर (गॅसचे मोठे सिलिंडर) ट्रकने यायचे, घाटातून. ज्यांनी टनर शेडमध्ये काम केलंय त्यांना वेगळं सांगायला नको, वास आला की आधी वारा कुठल्या दिशेला आहे ते बघायचं आणि मग पळायचं, कारण तो गॅस हवेपेक्षा अडीचपट जड, जमिनीलगत सरकत येतो आणि खालच्या अंगाला तर वस्ती आहे. दर पावसाळ्यात ट्रक अडकला की मला झोप लागायची नाही. म्हणून जेव्हा इलेक्ट्रोक्लोरिनेशन मंजूर झालं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता, आणि या एका गोष्टीसाठी मी आजही मशीनच्या बाजूने उभी राहीन. आवारात दाबाखालचा गॅस नाही, म्हणजे नाहीच.

मशीन करतं काय तर समुद्राचंच पाणी थोडंसं बाजूला घेतं, गाळतं आणि सेलमधून नेतं, सेलमध्ये टायटॅनियमचे इलेक्ट्रोड असतात, ॲनोडवर मौल्यवान धातूंच्या ऑक्साइडचा लेप असतो, त्याला डीसी करंट दिला की पाण्यातल्याच मिठापासून सोडियम हायपोक्लोराइट तयार होतं. बाहेरून कच्चा माल काहीच आणायचा नाही. येणारं हायपो एकदम पातळ असतं, लिटरला एक ते दोन ग्रॅम, घरात फरशी पुसायला आणतो त्याच्या कितीतरी पट पातळ, त्यामुळे हाताळायला धोका कमी. विजेचा हिशोब म्हणाल तर एक किलो क्लोरीनला ४ ते ५ युनिट. आमच्या ४० हजार घनमीटरला १ पीपीएम (लिटरला १ मिलिग्रॅम) डोस द्यायचा तर तासाला ४० किलो, म्हणजे १८० युनिटच्या आसपास. प्लांटच्या मानाने हे काहीच नाही आणि टनरची खरेदी, वाहतूक, परवाने, मॉक ड्रिल हे सगळं वजा केलं की खर्चाची बाजू बघायचीही गरज पडत नाही.

दोन गोष्टींची मात्र काळजी घ्यावीच लागते. एक हायड्रोजन. प्रत्येक किलो क्लोरीनमागे साधारण एक तृतीयांश घनमीटर हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्क्यांवर गेला की पेट घेऊ शकतो, म्हणून टाकीवर ब्लोअर असतात जे भरपूर हवा मारून त्याला पातळ करून वर सोडतात. आमच्याकडे दोन ब्लोअर आहेत, एक चालू एक स्टँडबाय, आणि ब्लोअर पडला की सेलला डीसी करंट देणारा रेक्टिफायर आपोआप ट्रिप व्हायला पाहिजे असं इंटरलॉक आहे. ते इंटरलॉक कुणी कधी बायपास करून ठेवत नाही ना हे मी दर आठवड्याला स्वतः जाऊन बघते, तुम्हीही बघा. दुसरी गोष्ट ॲसिड क्लीनिंग. कॅथोडवर पांढरा थर बसतो, मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचा, आणि सेलचं व्होल्टेज हळूहळू चढायला लागतं. मग सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड फिरवून धुवायचं. मॅन्युअलमध्ये महिन्यातून एकदा लिहिलंय पण आम्ही तारखेवर जात नाही, व्होल्टेजवर जातो, कारण पाण्याप्रमाणे ते बदलतं.

आता सप्लायरच्या माणसांनी आम्हाला नीट समजावली नाही अशी एक गोष्ट. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ६५ मिलिग्रॅम ब्रोमाइड असतं आणि हायपो त्यात पडलं की काही सेकंदांत त्याचं हायपोब्रोमस होतं, म्हणजे शिंपल्यांशी खरं लढतं ते ब्रोमीन. हे चांगलंच आहे कारण समुद्राचा पीएच ८ च्या आसपास असतो आणि त्या पीएचला ब्रोमीन क्लोरीनपेक्षा जास्त प्रभावी असतं. पण म्हणूनच मोजताना फक्त क्लोरीन म्हणून चालत नाही, एकूण ऑक्सिडंट मोजायचं असतं, डीपीडी नावाच्या रसायनाची पावडर टाकून गुलाबी रंग येतो त्यावरून. आणि सँपल घेतल्यावर लगेच, तिथेच उभं राहून. बाटली उन्हात स्कूटरच्या डिकीत टाकून वीस मिनिटांनी लॅबमध्ये मोजली तर आकडा कमीच येणार आणि मग शिफ्टवाला डोस वाढवणार. आमच्याकडे पहिलं वर्षभर हेच चाललं होतं.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये एका रेक्टिफायरचं कंट्रोल कार्ड गेलं. दोन स्ट्रीम, म्हणजे रेक्टिफायर आणि सेलचे दोन संच, आहेत आपल्याकडे, एक गेली तर दुसरी आहे असं वाटलं, पण दुसऱ्या स्ट्रीमचे सेल गॅस्केट लीक होतात म्हणून आधीच उघडून ठेवले होते आणि नवीन गॅस्केट यायचे होते. म्हणजे दोन्ही बंद. सर्व्हिसला फोन केला तर म्हणाले कार्ड स्टॉकमध्ये नाही, इंजिनिअर दुसऱ्या साइटवर आहे, चार दिवसांत येतो. तो आला अकराव्या दिवशी, कार्ड न घेता. कार्ड आलं त्यानंतर. एकूण १९ दिवस आमच्या मशीनमधून हायपोचा एक थेंब आला नाही. बाजारातलं तयार हायपो टँकरने मागवून बघितलं पण तासाला ४० किलोचा हिशोब केल्यावर ते किती पुरणार, दोन दिवसांत संपलं.

त्या १९ दिवसांत काहीच झालं नाही. हे महत्त्वाचं आहे म्हणून लिहितेय. व्हॅक्यूम ठीक, कंडेन्सरच्या आधी कचरा अडवणाऱ्या डेब्री फिल्टरचा डीपी (दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक, अडकलं की वाढतो) ठीक, सगळे आकडे हिरवे. मॅनेजमेंटला वाटलं बघा, उगीच केमिस्ट्रीवाले आरडाओरडा करतात. फक्त आमचे मुकादम काका, जे पिढीजात खाडीत कालवं काढणाऱ्या घरातले आहेत आणि आता आमच्याकडे स्क्रीन, म्हणजे आत येणाऱ्या पाण्यातला कचरा अडवणाऱ्या जाळ्या, साफ करायच्या गँगवर आहेत, ते मला म्हणाले होते, "ताई, आताच बी बसतं. पाऊस सरला की सगळं खडकांना चिकटतं. आता बंद ठेवू नका." मी ते मीटिंगमध्ये सांगितलं, मिनिट्समध्ये आलं नाही.

जानेवारीच्या शेवटी डेब्री फिल्टर वारंवार बॅकवॉशला (उलट्या प्रवाहाने धुवायला) जायला लागला. मग कंडेन्सरच्या एका बाजूचा डीपी चढला, व्हॅक्यूम पडायला लागला, लोड कमी करून अर्धा कंडेन्सर आयसोलेट केला आणि वॉटरबॉक्स, म्हणजे ट्यूबच्या तोंडाशी पाणी जमतं ती पेटी, उघडला. जो वास आला तो मी विसरू शकत नाही. ट्यूबशीटवर (सगळ्या ट्यूबची तोंडं जिथे उघडतात त्या पत्र्यावर) शिनाणी अडकलेली, शेकडो, सगळी जवळपास एकाच मापाची, इंचभर. हिरवी शिंपली आपल्या गरम पाण्यात महिन्याला आठ-दहा मिलिमीटर सहज वाढते, म्हणजे तीन महिन्यांत २५-३० मिलिमीटर, आणि आमच्या ट्यूबचा आतला व्यास पंचवीसच्याही खाली. बरोब्बर तोंडात बसायच्या मापाची झाली होती. काकांनी एक हातात घेऊन उलटी केली आणि म्हणाले, "ही दिवाळीच्या आधीची." मशीन कधी बंद होतं त्याची तारीख त्यांनी शिंपलीवरून सांगितली. फिल्टरनंतरचा पाइप आणि वॉटरबॉक्सचे कोपरे, जिथे पाणी जरा संथ असतं, तिथे ती ऑक्टोबरमध्ये बसली होती आणि मोठी झाल्यावर सुटून ट्यूबशीटवर आली होती.

मग सगळ्यांची पहिली मागणी, शॉक डोस द्या, म्हणजे थोडा वेळ एकदम मोठा डोस. दिला. काही उपयोग झाला नाही, कारण मोठ्या शिंपलीला क्लोरीनची चाहूल लागली की ती दोन्ही कवचं घट्ट मिटते आणि बसून राहते. तुम्ही तासभर कितीही मारा, ती बंद आहे, डोस थांबला की थोड्या वेळाने उघडते आणि खायला लागते. मोठी शिंपली मारायची तर डोस न थांबता आठवडेच्या आठवडे चालू ठेवायला लागतो, कारण बंद राहून ती शेवटी उपासमारीने आणि गुदमरून जाते. आणि गेली तरी सुटका नाही, चिकटलेले धागे सैल पडतात आणि रिकामी कवचं एकेक करून वाहत येतात, पुढचा दीड महिना आम्ही कवचं काढत होतो. याउलट नुकतं बसायला आलेलं पिल्लू असतं त्याला बारीकसा सततचा डोस पुरतो, तो मारत नाही एवढंच की बसू देत नाही. म्हणून माझं ठाम मत झालंय की ०.२ ते ०.५ पीपीएम उरेल इतका डोस पण न थांबता, हा कधीमधी दिलेल्या मोठ्या डोसपेक्षा कितीतरी चांगला. पॅनलवर पीपीएम किती दिसतो यापेक्षा वर्षात किती तास हायपो बंद होतं, आणि त्यातले किती पाऊस सरल्यानंतरच्या त्या दोन-तीन महिन्यांतले होते, हा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सप्लायरच्या ब्रोशरमध्ये तो कुठेच नसतो.

नेदरलँड्समध्ये एक पद्धत काढलीय पल्स क्लोरिनेशन म्हणून, त्यात शिंपलीच्या याच सवयीचा फायदा घेतात. थोडा वेळ डोस, थोडा वेळ बंद, पुन्हा डोस, असं की ती पूर्ण उघडायच्या आत परत मिटावं लागतं आणि बिचारी थकून जाते. क्लोरीनही कमी लागतं. आमच्या मशीनच्या पॅनलमध्ये टायमर टाकून हे करता येईल, पण आपल्याकडच्या शिंपल्या किती मिनिटांत उघडतात ते आधी साइटवर बघायला पाहिजे, आंधळेपणाने १५ मिनिटं चालू १५ मिनिटं बंद लावण्यात अर्थ नाही. मी प्रपोजल दिलंय.

डोसिंग पॉइंटबद्दलही तक्रार आहे. आम्हाला एकच पॉइंट दिला होता, फोरबेमध्ये (पंपांच्या आधी पाणी जमतं त्या हौदात), ट्रॅव्हलिंग स्क्रीनच्या, म्हणजे फिरत्या जाळ्यांच्या, जरा आधी. म्हणजे समुद्रातल्या इनटेकपासून फोरबेपर्यंतच्या पाइपला संरक्षण शून्य. तिथे वाढलेली सगळी कवचं आमच्या स्क्रीनवर यायची. तिसऱ्या वर्षी एचडीपीईची (प्लास्टिकची) लाइन टाकून इनटेकच्या तोंडाशी हायपो पसरवून सोडणारा दुसरा डिफ्युजर बसवला आणि स्क्रीनवरचा कचरा डोळ्यांना दिसेल इतका कमी झाला, काकांच्या गँगला आता दिवसाची एक फेरी पुरते. ही लाइन मूळ स्कोपमध्ये असती तर फार थोडक्यात झाली असती, नंतर डायव्हर लावून टाकायला बराच खर्च आला. टेंडर काढताना एवढी एक ओळ नक्की घाला.

पावसाळ्यातला परफॉर्मन्स ठीकठाक. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण १९ ग्रॅम क्लोराइड असतं, सेलचं डिझाइन त्यावर केलेलं असतं, पण खाडीच्या तोंडाशी जुलैमध्ये गोड पाणी उतरतं, मीठ कमी होतं, तेवढाच करंट देऊन हायपो कमी आणि वीज जास्त. शिवाय गाळ. स्ट्रेनर दर दोन तासांनी चोक होतो. अगदी उघड्या समुद्रावर प्लांट असेल तर हा त्रास बराच कमी असेल. आणि मुंबईच्या बाजूच्या खाड्यांसारखं सांडपाणी मिसळत असेल तर अमोनियाच बराचसा क्लोरीन खाऊन टाकतो, तेव्हा क्षमता ठरवताना स्वच्छ समुद्राचे आकडे घेऊ नका, तुमच्याच पाण्याचा क्लोरीन डिमांड (पाणी स्वतःच किती क्लोरीन खातं तो आकडा) ऑगस्टमध्ये आणि मार्चमध्ये दोन्ही वेळा काढा.

एक गैरसमज बऱ्याच जणांचा असतो की हायपो आहे म्हणजे बाकी काही नको. तसं नाही. ट्यूबच्या आतल्या बुळबुळीत थरासाठी आमच्याकडे स्पंज बॉल सिस्टीम आहे, ट्यूबपेक्षा किंचित मोठे रबरी स्पंजचे गोळे पाण्यासोबत फिरतात आणि आतून घासून जातात. आमच्या ट्यूब टायटॅनियमच्या आहेत, गंजत नाहीत हे खरं, पण जुन्या तांबे-निकेलच्या ट्यूबमधून थोडं तांबं सुटायचं आणि त्याने जीव बसायला कचरायचे, टायटॅनियमवर मात्र सगळे आनंदाने बसतात. त्यामुळे टायटॅनियम घेतलंत तर बॉल आणि हायपो दोन्हीचं वेळापत्रक पाळायला लागतं. बॉल झिजतात, हरवतात, दर आठवड्याला मोजायला आणि माप घ्यायला माणूस लागतो. आमच्याकडे मध्यंतरी सहा महिने मोजलेच नव्हते, फिरत होते त्यातले निम्मे ट्यूबपेक्षा बारीक झाले होते, म्हणजे नुसतेच फिरत होते.

आणि जेलीफिशला हायपोचा काही उपयोग नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रान्सच्या ग्रावलीनला जेलीफिशच्या झुंडीने अणुभट्ट्या बंद पडल्या, त्याआधी २०११ ला स्कॉटलंडमध्ये टॉरनेस, २०१३ ला स्वीडनमध्ये ऑस्करशाम. तिथे स्क्रीन आणि वेळेवर मिळालेली सूचना हेच. आमच्याकडे सूचना द्यायचं काम होडीवाले करतात, त्यांच्या जाळ्यात जेली दिसली की गेटवर फोन येतो, आणि त्यांचे नंबर कंट्रोल रूमच्या भिंतीवर लावलेत.

त्याच होडीवाल्यांसाठी आउटफॉलचं, म्हणजे वापरलेलं पाणी परत समुद्रात सोडतो त्या जागेचं, बोलायलाच पाहिजे. आपल्याकडे कंडेन्सरच्या परतीच्या पाण्यात मोकळ्या क्लोरीनची मर्यादा ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, पण मी टार्गेट ०.२ च ठेवते. ब्रोमाइडमुळे समुद्रात ब्रोमोफॉर्म हे ब्रोमीनचं विषारी संयुग तयार होतं, आणि आउटफॉलच्या कोमट पाण्याला मासे जमतात म्हणून लोक तिथेच गळ टाकून बसलेले असतात, त्यात आमच्या कॉलनीतली मुलंही असतात. मशीनचा यात मोठा प्लस पॉइंट असा की डोस करंटने कमी-जास्त करता येतो, अगदी बारीक, जे टनरच्या व्हॉल्व्हवर कधी जमायचं नाही. ऑनलाइन ॲनालायझरचा सिग्नल घेऊन ऑटोवर चालवतो आम्ही आता. ॲनालायझर मात्र स्वतःच शेवाळतो, आठवड्याला साफ करून डीपीडीशी ताडून बघावा लागतो.

सर्व्हिसला २ स्टार का ते वर आलंच. हा दुसरा स्टारही आलेल्या इंजिनिअर मुलासाठी आहे, तो चोवीस तास रेक्टिफायर रूममध्ये बसून होता, चूक त्याची नव्हती, वरच्यांनी त्याला हात हलवत पाठवलं होतं. त्यानंतरच्या एएमसीत आम्ही तीन गोष्टी लिहून घेतल्या, कंट्रोल कार्ड आणि एक पूर्ण गॅस्केट सेट आमच्या स्टोअरमध्ये राहील, १ सप्टेंबरच्या आधी दोन्ही स्ट्रीम पूर्ण लोडवर चालवून दाखवायच्या, आणि सप्टेंबर ते डिसेंबर एका वेळी एकच स्ट्रीम उघडायची, दुसरी चालू असल्याशिवाय नाही. दंड वगैरे कलमांपेक्षा या तिसऱ्या अटीने जास्त फरक पडला. गेल्या दोन सीझनला सलग बंद राहण्याची आमची सगळ्यात मोठी वेळ ५ तास आहे आणि वॉटरबॉक्स उघडला तेव्हा बादलीभरसुद्धा कवचं निघाली नाहीत.

काकांनी सुचवल्याप्रमाणे दोरीला बांधून खरखरीत पाट्या सोडल्यात, एक डोसच्या आधी आणि एक नंतर. दर पंधरा दिवसांनी वर काढून भिंगातून मोजतो, काका आणि मी. मागच्या आठवड्यात आधीच्या पाटीवर पिल्लांचा नुसता सडा होता, नंतरच्या पाटीवर चार बार्नॅकल. कुणाला पाट्यांचं माप आणि बांधायची पद्धत हवी असेल तर विचारा, सांगते.